'एम' म्हणजे म्हैस नव्हे

गेल्या जुलैतली गोष्ट. सकाळचे सव्वानऊ. गावच्या दूध संस्थेत संकलन उरकलंय, टेम्पो कॅन घेऊन गेलाय आणि सचिवांना तक्रार करायला निवांतपणा मिळालाय, अशी वेळ. फोन वाजला.

"मॅडम, तुमचं ते नवीन मशीन म्हणतंय, आज म्हशीचं सहाशे चाळीस लिटर दूध आलं. आवो, आमच्या गावात तेवढ्या म्हशी तरी हाईत का?"

मी त्यांच्या संस्थेचं खातं उघडलं. सकाळच्या पाळीचं एकूण दूध ६४० लिटर. त्यात गायीचं ४१५ आणि म्हशीचं २२५. म्हणजे आकडा खोटा नव्हता. तो दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर होता.

आधी थोडं माझ्याविषयी. सांगलीत दूध संस्थांसाठी सॉफ्टवेअर करणारी आमची छोटी कंपनी आहे, दहा-बारा माणसांची. चौदा वर्षांपूर्वी मी इथे फोन उचलायला लागले. तेच तेच प्रश्न येऊन कंटाळले, म्हणून एक मदतपुस्तिका लिहिली. ती कुणी वाचली नाही, पण 'लिहिता येतं हिला' एवढी ख्याती झाली आणि तेव्हापासून कंपनीत काहीही लिहायचं असलं की ते माझ्या टेबलावर येतं. मागच्या वर्षी आम्ही ॲपमध्ये एआय एजंट बसवला. (एजंट म्हटलं की आमच्याकडे विम्याचा, नाहीतर जनावरांच्या बाजारातला. त्यामुळे सचिव मंडळी त्याला 'मशीन'च म्हणतात.) सचिवांनी मराठीत विचारायचं, "२१७ नंबरचं मागचं बिल किती झालं?" (हा दूध घालणाऱ्या उत्पादकाचा नंबर), आणि एजंटाने आमच्या सॉफ्टवेअरमधून शोधून सांगायचं.

आता यात एक गोष्ट आहे जी मला स्वतःला कळायला दोन महिने लागले. एजंटाच्या आत भाषा समजणारं हे जे एआय मॉडेल असतं ना, त्याला आमचा डेटाबेस दिसत नाही. त्याच्या हातात एक यादी असते. आमच्या बाबतीत १४ टूल्सची. टूल म्हणजे आमच्या सॉफ्टवेअरमधलं एकेक ठरलेलं काम करून देणारा छोटा प्रोग्राम. प्रत्येक टूलचं नाव, त्याखाली दोन-चार ओळींचं वर्णन आणि ते चालवायला कुठले रकाने भरून द्यायचे त्याचा तपशील. बस्स. एवढ्यावरून ते ठरवतं की कुठलं टूल चालवायचं आणि रकान्यांत काय भरायचं. ओपनएआयने जून २०२३ मध्ये फंक्शन कॉलिंग, म्हणजे मॉडेलला बाहेरचे प्रोग्राम वापरू देण्याची सोय, आणलं तेव्हाही हाच मामला होता. अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एमसीपी, हा मॉडेलला टूल्स जोडायचा सामायिक नियम जाहीर केला त्यातही तोच: नाव, वर्णन, रकान्यांचा नमुना. वर्णन हा साधा मजकूर. प्रोग्रामरच्या दृष्टीने ती जागा म्हणजे घाईत काहीतरी लिहून पुढे जायची, कारण तिथे काहीही लिहिलं तरी प्रोग्राम अडत नाही.

आमच्या संकलनाच्या टूलचं वर्णन होतं: 'दूध संकलनाची माहिती आणते.' त्यात एका रकान्याचं नाव होतं 'टाइप', आणि त्यात इंग्रजी 'एम' किंवा 'ई' यांपैकी एक भरायचं. एवढंच. एम म्हणजे मॉर्निंग, ई म्हणजे इव्हिनिंग. दहाएक वर्षांपूर्वी कुणीतरी डेटाबेसमध्ये पाळीच्या रकान्याला 'टाइप' नाव दिलं आणि ते तसंच वर आलं. आता सचिव विचारतात, म्हशीचं दूध किती? मॉडेल बघतं: दुधाचं टूल आहे, त्यात 'टाइप' आहे, दुधाचा प्रकार असणार, आणि समोर 'एम' आहे. म्हैस! मराठी येत असल्यामुळे चुकलं बिचारं. मराठी न येणाऱ्याने हा घोळ घातलाच नसता.

मला त्या दिवशी हसू आलं आणि पोटात गोळाही आला. हे सचिव जाणकार, गावातल्या म्हशी त्यांना तोंडपाठ. पण ज्या गावात गायी-म्हशी निम्म्या-निम्म्या आहेत, किंवा जिथे सचिव महिन्यापूर्वीच नेमलाय, तिथे असा आकडा कुणाच्या लक्षात आला असता? गाय आणि म्हैस यांच्या दुधाचा दर वेगळा, फॅट-एसएनएफचा (स्निग्धांश आणि त्याखेरीजचे घन पदार्थ यांच्या टक्क्यांचा) पाया वेगळा. गायीचा दर आपल्याकडे ३.५ फॅट, ८.५ एसएनएफला धरून सांगतात, म्हशीचा ६ आणि ९ ला. एजंटाने एरर दिली असती तर बरं झालं असतं. त्याने दिलं ते शांत, नीटनेटकं, चुकीचं उत्तर.

आमच्या प्रोग्रामरचं म्हणणं पडलं की वर्णनं मोठी करूया. त्याने दुसऱ्या एका एआयला सांगून एका तासात चौदाच्या चौदा वर्णनं नव्याने लिहून घेतली. मग तिसऱ्या एआयला परीक्षक बसवलं: प्रत्येक वर्णनाला स्पष्टता, पूर्णता, उपयुक्तता अशा निकषांवर दहापैकी गुण दे. संकलनाच्या टूलला आधी ४ होते, नवीन वर्णनाला ९ मिळाले. मी ते वर्णन वाचलं. 'हे सक्षम टूल दूध संकलनाची सर्वसमावेशक व अचूक माहिती पुरवते' अशी सुरुवात, आणि पुढे आठ ओळी. त्या आठ ओळींत एम म्हणजे काय हे कुठेही नव्हतं. कसं असेल? लिहिणाऱ्यालाच माहीत नव्हतं. मी तोच म्हशीचा प्रश्न पुन्हा टाकला. उत्तर आलं: ६४० लिटर.

माझं तिथेच ठरलं की वर्णन वाचून गुण द्यायचे नाहीत. वर्णन वाचून समोरचा काय करतो ते बघायचं. मदतपुस्तिका लिहिताना हे मी पाच वर्षं पस्तावून शिकले होते: पुस्तिका छान आहे असं सांगणारे सगळे पुस्तिका न वाचता फोन करायचे.

मग फोनची वही काढली. आमच्याकडे प्रत्येक फोनची नोंद होते, आणि शक्यतो सचिवांच्याच शब्दांत. तो माझा जुना हट्ट. त्यातून ५२ प्रश्न निवडले. ४० समोर ठेवले आणि १२ एका पाकिटात घालून कपाटात टाकले. पाकिटाचं पुढे येईल. प्रत्येक प्रश्नापुढे मी हाताने लिहिलं की कुठलं टूल चालायला हवं, रकान्यांत काय भरलं जायला हवं, आणि कुठे टूल न चालवता उलट विचारायला हवं. हे लिहायला तीन दिवस गेले. त्या तीन दिवसांत मला आमच्याच सॉफ्टवेअरविषयी इतकं कळलं की चौदा वर्षं फोनवर मी काय सांगत होते असा प्रश्न पडला. उदाहरणार्थ 'हे बिल'. आमच्या संस्थांत बिल दहा दिवसांचं: १ ते १०, ११ ते २०, २१ ते महिनाअखेर. महिन्याच्या चार तारखेला सचिव 'हे बिल' म्हणाले तर त्यांच्या मनात चालू असलेलं १ ते १० नसतं, २१ ते ३१ असतं. कारण पैसे त्याचे वाटायचे असतात. कॅलेंडर बघून चालणाऱ्याला हे कसं कळावं?

प्रत्येक प्रश्न पाच-पाच वेळा चालवला. एकदाच चालवून समाधान मानायचं नाही हे मी टाऊ-बेंच नावाच्या चाचणीवरून घेतलं. सिएरा या कंपनीने ती २०२४ मध्ये काढली. तिच्यात एक माप असं आहे की तेच काम अनेकदा करायला लावायचं आणि प्रत्येक वेळी बरोबर आलं तरच बरोबर म्हणायचं. त्या वेळचं ओपनएआयचं जीपीटी-४ओ मॉडेल किरकोळ दुकानाच्या कामांत आठही वेळा बरोबर येण्याच्या मापावर २५ टक्क्यांच्याही खाली होतं. दूध संस्थेत तर हे माप फारच रास्त आहे. पाचातून चार वेळा बरोबर फॅट लिहिणाऱ्या माणसाला गाव काट्याजवळ उभं करणार नाही.

पहिल्या फेरीत पाचही वेळा बरोबर आलेले प्रश्न ४० पैकी २१. अपेक्षेपेक्षा बरे, पण चुका बघायला बसले तेव्हा त्यांच्यात मला जातकुळी दिसायला लागली.

एक चूक 'उचल'ची. "२१७ ची उचल किती राहिली?" यात उत्पादकाने संस्थेकडून घेतलेल्या आगाऊ पैशांची बाकी विचारली आहे. एजंटाने टँकरचं टूल चालवलं, कारण दुधाचीही उचल होते, गावोगावचं दूध घेणारा दूध संघ ते टँकरने उचलतो. दोन्ही अर्थ बरोबर. आमच्या आगाऊ रकमेच्या टूलचं वर्णन पूर्ण इंग्रजीत होतं आणि त्यात 'उचल' हा शब्दच नव्हता. मी चौदाही वर्णनं मराठीत करून बघितली. फार फरक पडला नाही, शिवाय देवनागरी मजकुराला टोकन (मॉडेल मजकूर ज्यांत मोजतं ते तुकडे) जास्त लागतात आणि ती यादी प्रत्येक प्रश्नाबरोबर जाते, म्हणजे एआयचं बिल वाढतं. शेवटी इंग्रजी वर्णन ठेवून त्यात सचिवांचे शब्द जसेच्या तसे पेरले: उचल, पेंडीची बाकी, कपात. तेवढ्याने काम झालं.

दुसरा प्रयोग मी वैतागून केला आणि तोच सगळ्यात जास्त उपयोगी पडला. एकेका टूलचं वर्णन पूर्ण काढून टाकलं, नाव आणि रकाने तेवढे ठेवले, आणि प्रश्न पुन्हा चालवले. वर्णन खरंच काही काम करत असेल तर ते काढल्यावर निकाल पडायला हवा ना? चौदापैकी नऊ टूल्सना काहीही झालं नाही. नावच इतकं बोलकं होतं की वर्णन म्हणजे दारावरच्या तोरणासारखं. तीन टूल्सचा निकाल पडला. आणि दोन टूल्स वर्णन काढल्यावर सुधारली!

त्या दोनातलं एक 'उत्पादक शोधा' हे टूल. त्याच्या वर्णनात कुणीतरी लिहून ठेवलं होतं, 'कुठलंही काम करण्यापूर्वी आधी हे टूल वापरा.' कुणीतरी म्हणजे मीच. फेब्रुवारीत एकदा नंबर चुकला होता म्हणून मी ती ओळ घातली होती. एजंट आज्ञाधारक. "आज एकूण दूध किती?" असं विचारलं की तो आधी 'आज एकूण' नावाचा उत्पादक शोधायचा, न सापडल्यावर माफी मागायचा आणि मग पुढे जायचा. मी लॉगमध्ये हे वाचलं तेव्हा ऑफिसात कुणी नव्हतं, नाहीतर सांगितलंही नसतं की ती ओळ माझी.

वर्णन म्हणजे माहिती असं आपण धरून चालतो, पण मॉडेलच्या लेखी ती आज्ञा असते. एप्रिल २०२५ मध्ये एआयच्या सुरक्षेवर काम करणाऱ्या इन्व्हेरिअंट लॅब्सने दाखवलं होतं की दोन संख्यांची बेरीज करणाऱ्या निरुपद्रवी टूलच्या वर्णनात दडवून सूचना लिहिल्या तर एजंट वापरणाऱ्याच्या कॉम्प्युटरवरची गुप्त किल्ली वाचून तिसऱ्याकडे पोचवू शकतो. ते मुद्दाम केलेलं विष. माझं अजाणतेपणी घातलेलं मीठ. पण मार्ग एकच.

मग म्हशीकडे परत आले. मी चिकाटीने वर्णनात लिहिलं, एम म्हणजे सकाळ, ई म्हणजे संध्याकाळ, हा दुधाचा प्रकार नव्हे. सुधारलं, पण पाचातून एखाद्या वेळी घसरायचंच. त्याच सुमारास नवीन ट्रेनी मुलगी आली होती, कॉमर्सची, डेअरी कधी आतून न बघितलेली. मी चौदा टूल्सचा कागद छापून तिच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, फक्त या कागदावरून सांग, कुठलं वापरशील. दुसऱ्याच मिनिटाला तिने विचारलं, "ताई, सकाळ-संध्याकाळ असंच लिहायचंय तर मग एम-ई कशाला ठेवलंय?"

खरंच कशाला? रकान्याचं नाव 'टाइप' बदलून 'शिफ्ट' केलं, त्यात भरायचे पर्याय पूर्ण शब्दांत केले, आणि 'जनावर' असा वेगळा रकाना दिला: गाय, म्हैस, दोन्ही. प्रोग्रामर कुरकुरला, जुन्या कोडला हात लागतो म्हणून. अर्ध्या दिवसाचं काम निघालं. त्यानंतर म्हशीचा प्रश्न पंचवीस वेळा चालवला, पंचवीस वेळा २२५. वर्णनातली माझी ती चिकाटीची ओळ काढून टाकली तरी २२५. पुढे अँथ्रॉपिकच्या लोकांचा अनुभव वाचला, तो याच वळणाचा होता. त्यांचा एजंट फोल्डर बदलला की फायलीचा अर्धवट पत्ता देऊन चुकायचा. त्यांनी टूलच असं केलं की पूर्ण पत्ताच द्यावा लागेल, आणि चुका थांबल्या. पण उलटंही घडतं. त्यांचंच वेब शोधाचं टूल वापरताना मॉडेल प्रत्येक शोधाला उगाच '२०२५' जोडत होतं, आणि ते मात्र वर्णन सुधारून सुटलं. म्हणजे कधी ओळ बदलायची, कधी रकाना, हे चूक बघूनच ठरवायला लागतं.

एका टूलच्या बाबतीत मी यातलं काहीच केलं नाही. नोंद दुरुस्त करणारं टूल. एमसीपीत एखादं टूल फक्त वाचणारं आहे की मोडतोड करणारं, हे सांगायची खूण आहे, पण ती नुसती सूचना आहे, कुलूप नव्हे. फॅट ३.८ चं ४.३ होणं म्हणजे कुणाच्या तरी बिलाचे पैसे बदलणं. तिथे वर्णन कितीही चांगलं लिहिलं तरी मला झोप लागली नसती. आम्ही तिथे बटण ठेवलं. सचिवांनी जुना आणि नवा आकडा बघून स्वतः दाबायचं.

सप्टेंबरअखेर ४० पैकी ३६ पर्यंत आलो. साहेबांनी पेढे आणायची भाषा केली. मी कपाटातलं पाकीट काढलं.

१२ पैकी ७.

पेढे राहिले. झालं होतं असं की मी त्या चाळीस प्रश्नांसमोर बसून वर्णनं घासत होते, आणि नकळत त्याच प्रश्नांचे शब्द वर्णनांत भरत गेले होते. 'मागचं बिल' लिहिलं होतं, 'गेल्या टायमाचं' नव्हतं. परीक्षेला येणारं तेवढंच पाठ केलेल्या पोरासारखी गत. मी अर्ध्याहून जास्त पेरलेले शब्द उपटून काढले आणि त्यांच्या जागी त्या टूलचं काम कशासाठी असतं ते एका वाक्यात लिहिलं. 'उत्पादकाला मिळायच्या किंवा मिळालेल्या दहा दिवसांच्या पैशांचा हिशेब.' आणि एक वाक्य शेजाऱ्याविषयी: 'अजून न संपलेल्या दहा दिवसांसाठी हे नव्हे, ते अमक्या टूलमध्ये.' शेजाऱ्याचं वाक्य फार कामाचं. एकटं टूल कधीच चुकत नाही, दोन सारखी दिसणारी शेजारी असली की घोळ होतो. ऑक्टोबरात पंधरावं टूल आलं तेव्हा हे पुन्हा दिसलं. ज्या दोन जुन्या टूल्सना मी हातही लावला नव्हता, त्यांचे निकाल पडले. आता नवीन टूल आलं की सगळीच्या सगळी फेरी पुन्हा घेते.

पंधरावं टूल म्हणजे 'फरक'. आमच्या पट्ट्यात, विशेषतः कोल्हापूरकडे, दिवाळीच्या आधी उत्पादकाला दूध दर फरक मिळतो, वर्षभराच्या दुधावर. पण 'फरक' म्हणजे गावच्या मापात आणि शीतकरण केंद्राच्या मापात पडलेली तूटही. पहिला आनंदाचा, दुसरा भांडणाचा. "औंदा फरक किती निघाला?" हे बहुधा दिवाळीचं. "काल फरक किती पडला?" हे तुटीचं. आणि नुसतं "फरक किती?" हे कुणाचंच नाही. तिथे मी दिवाळीच्या आणि तुटीच्या, दोन्ही टूल्सच्या वर्णनांत स्पष्ट लिहिलं: कुठला ते कळत नसेल तर टूल चालवू नको, विचार. पाचपैकी पाच वेळा विचारायला लागला. मी खूश.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात म्हशीवाले सचिव पुन्हा फोनवर.

"मॅडम, मी फरक विचारला तर ते मशीन मलाच उलटं विचारतंय, दिवाळीचा का तुटीचा. वसुबारस तोंडावर आलीय, दारात माणसं उभी हाईत, आता कुणी तुटीचा फरक विचारतं का?"

मी वही ओढली आणि लिहून घेतलं, त्यांच्याच शब्दांत. प्रश्न क्रमांक ५३. अपेक्षित उत्तराची जागा अजून कोरी आहे.